नागपुरात फायबरचं काम शिकताना: केबल निवडण्यापासून मोजणीपर्यंत

लॅनच्या तांब्याच्या केबलला १०० मीटरची हद्द आहे. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतला साधा प्लॉट घेतला तरी फाटकाजवळचं ऑफिस आणि मागचं गोदाम यांच्यातलं अंतर सहज त्यापुढे जातं. मग लोक मधे कुठेतरी एक स्विच, म्हणजे नेटवर्कच्या तारा जोडणारी पेटी, टांगतात. त्याला वीज द्यावी लागते, तो मे महिन्यात तापतो, जुलैत भिजतो, आणि कधीतरी कडाडून वीज पडली की जळतो. विदर्भात विजा किती पडतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. दोन इमारतींमधली तांब्याची केबल म्हणजे त्या झटक्याला दोन्हीकडच्या स्विचपर्यंत पोचवणारी वाट. फायबर केबलमध्ये तांब्याऐवजी काचेची तार असते, आणि काचेतून वीज वाहत नाही. म्हणून दोन इमारती जोडायच्या असतील तर अंतर ६० मीटर असलं तरी फायबरच टाका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आयटीआय किंवा डिप्लोमा करून नुकतेच नेटवर्किंगच्या कामाला लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. सोबत एक काम धरून चालू: ऑफिस ते गोदाम, केबलची लांबी ३०० मीटर, दोन्ही टोकांना स्विच. आधीच सांगून ठेवतो, या कामात सगळ्यांना भीती वाटते ती स्प्लायसिंग मशीनची, म्हणजे दोन काचा वितळवून जोडणाऱ्या यंत्राची. प्रत्यक्षात लिंक बिघडते ती मळलेल्या टोकाने, अति वळवलेल्या केबलने आणि न लिहिलेल्या लेबलने. मशीन दोन दिवसांत हाताला बसतं. स्वच्छतेची सवय लावून घ्यावी लागते.

आधी काच ओळखा

केबल सोलत गेलात की शेवटी केसासारखी एक रंगीत तार हाती येते. तिच्यावरचं रंगीत आवरण धरून जाडी २५० मायक्रॉन, म्हणजे पाव मिलिमीटर. आवरण काढलं की १२५ मायक्रॉनची काच राहते. या काचेच्या अगदी मधोमध सुमारे ९ मायक्रॉनचा गाभा असतो आणि सगळा प्रकाश तेवढ्यातून जातो. गाभ्याच्या काचेचा अपवर्तनांक भोवतालच्या काचेपेक्षा किंचित जास्त असतो, त्यामुळे दहावीत शिकलेलं पूर्ण आंतरिक परावर्तन घडतं आणि प्रकाश बाहेर न पडता पुढे सरकत राहतो.

हा ९ मायक्रॉनचा आकडा डोक्यात पक्का बसवा. डोळ्याला न दिसणारा धुळीचा कण यापेक्षा मोठा असू शकतो. असा एकच कण कनेक्टरच्या तोंडावर बसला की प्रकाशाची वाट अडते. पुढे स्वच्छतेचा आग्रह वारंवार येईल, तो याच आकड्यामुळे.

१९६६ साली चार्ल्स काओ यांनी मांडलं की काचेत प्रकाश विरतो तो मुख्यतः तिच्यातल्या अशुद्धतेमुळे. ती काढली तर काचेतून दूरवर संदेश पाठवता येतील. या कामासाठी त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. आजच्या सिंगल मोड, म्हणजे वर सांगितलेल्या ९ मायक्रॉन गाभ्याच्या, फायबरमध्ये १३१० नॅनोमीटरला दर किलोमीटरला साधारण ०.३५ डीबी (डेसिबल, प्रकाश किती घटला याचं माप) आणि १५५० नॅनोमीटरला सुमारे ०.२ डीबी एवढाच प्रकाश वाया जातो. तीन डीबी गेले म्हणजे निम्मा प्रकाश गेला. म्हणजे १५५० नॅनोमीटरला निम्मा प्रकाश घालवायला या काचेला पंधरा किलोमीटर लागतात. झिरो माईलवरून निघालेला प्रकाश मिहानच्या पुढे जाऊनही निम्म्याहून जास्त शिल्लक असतो.

बोलण्यातली एक गोष्ट इथेच समजून घ्या. बाजारात ‘सहा कोरची केबल’ म्हणतात तेव्हा कोर म्हणजे एक अख्खी तार. पुस्तकात कोर म्हणजे आतला गाभा. मी पुढे बाजारातल्यासारखंच बोलणार आहे.

सिंगल मोड घ्या

मल्टिमोड फायबरचा गाभा ५० मायक्रॉनचा, जुन्या केबलमध्ये ६२.५ चा. गाभा मोठा असल्याने जोडणी सोपी, पण अंतर कमी. ओएम३ केबलवर १० गिगाबिट ३०० मीटर चालतं, ओएम४ वर ४०० मीटर. सिंगल मोडवर साध्या एलआर मॉड्यूलने (मॉड्यूल म्हणजे स्विचमध्ये बसणारा, प्रकाश पाठवणारा-घेणारा भाग) तेच १० किलोमीटर जातं. एकेकाळी सिंगल मोडची मॉड्यूल फार महाग असायची म्हणून कॉलेजांच्या आणि कारखान्यांच्या आवारात मल्टिमोड टाकायचे. आता तो फरक फारसा उरलेला नाही. नवं काम असेल तर सिंगल मोडच घ्या. उद्या वेग वाढवायचा झाला तर केबल तीच राहील, फक्त मॉड्यूल बदलेल.

जुन्या जागी काम करताना आधी पॅच कॉर्डचा, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेल्या छोट्या केबलचा, रंग बघा. पिवळी असेल तर सिंगल मोड, नारिंगी म्हणजे जुना मल्टिमोड, निळसर हिरवी म्हणजे ओएम३ किंवा ओएम४. रंगावर शंभर टक्के भरवसा ठेवू नका, केबलवर छापलेलं वाचा. सिंगल मोड आणि मल्टिमोड एकमेकांना जोडू नका. लिंक कधी लागते, कधी सुटते, आणि दोष शोधण्यात अख्खा दिवस जातो.

आपल्या ३०० मीटरच्या कामाला दोनच कोर लागतात, एक जायला, एक यायला. तरी सहा कोरची केबल टाका. खर्चाचा मोठा भाग खोदकामात आणि मजुरीत जातो. उरलेले चार कोर उद्या कॅमेऱ्यांना कामाला येतील, किंवा एखादा कोर गेला तर बदली म्हणून.

नागपूरच्या मातीत कोणती केबल

इथे तीन शत्रू आहेत: ऊन, उंदीर-घुशी आणि काळी माती.

उघड्यावरून जाणारी केबल काळ्या, उन्हाला टिकणाऱ्या पॉलिथिन आवरणाचीच हवी. इमारतीच्या आत वापरायची पिवळी केबल गच्चीवरून नेलेली मी अनेकदा पाहिली आहे. दोन उन्हाळ्यांत तिचं आवरण तडकतं आणि मग पावसाचं पाणी आत शिरतं.

घुशीसाठी आर्मर्ड केबल, म्हणजे आत पोलादी पत्र्याचं वेष्टण असलेली. पण पोलाद आलं की वीज वाहण्याची सोय झाली. काच वीज नेत नाही, तिच्यावरचं चिलखत नेतं. म्हणून आर्मर्ड केबल इमारतीत शिरते तिथेच चिलखत कापून अर्थिंगला जोडायचं, ते रॅकपर्यंत, म्हणजे स्विच ठेवायच्या कपाटापर्यंत, न्यायचं नाही. ही पायरी गाळलीत तर विजेपासून वाचण्यासाठी फायबर टाकल्याचा उपयोगच राहत नाही. खांबावरून केबल न्यायची असेल तर धातू नसलेली, आत एफआरपीच्या (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकच्या) काड्या असलेली केबल घ्या.

राहिली काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उघडी केबल थेट पुरली की दरवर्षी तिला ताण बसत राहतो. ४० मिलिमीटरचा एचडीपीई डक्ट, म्हणजे प्लास्टिकचा पाइप, टाका, खाली-वर वाळूचा थर द्या आणि डक्टमधून केबल न्या. आवाराच्या आत किमान एक मीटर खोल जा आणि डक्टच्या वर, मातीत अर्ध्या उंचीवर, इशारा देणारी पट्टी टाका, म्हणजे पुढे खणणाऱ्याला आधी ती दिसेल. खोदकाम चालूच आहे तर एक रिकामा डक्ट सोबत टाकून ठेवा. शहरात सिमेंट रस्ते झाल्यापासून याचं मोल फार वाढलं आहे. एकदा रस्ता सिमेंटचा झाला की पुन्हा फोडायची परवानगी मिळवणं म्हणजे महिन्यांचं काम. सार्वजनिक रस्ता ओलांडायचा असेल तर महापालिकेची लेखी परवानगी आधी, कुदळ नंतर.

केबल ओढताना

ओढायचं ते केबलच्या आतल्या पिवळ्या धाग्याला किंवा मधल्या काडीला बांधून. ताण काचेवर येता कामा नये. जोर लावूनही येत नसेल तर थांबा, कुठे अडली ते बघा. जमिनीवर उलगडलेली केबल गोल न गुंडाळता आठच्या आकड्यात ठेवा, पीळ पडत नाही.

वळणाचा नियम सोपा आहे. ओढताना केबलच्या जाडीच्या वीसपट त्रिज्या, बसवल्यावर दहापट. १० मिलिमीटरची केबल असेल तर ओढताना २० सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण नको. भिंतीच्या काटकोनात ठोकून बसवणं इलेक्ट्रिशियनला सुबक वाटतं. फायबरमध्ये तो दोष आहे.

दोन्ही टोकांना दहा-दहा मीटरचा लूप सोडा. उद्या रॅकची जागा बदलली, टोक खराब झालं, कुणी केबल तोडली, तर हाच लूप कामाला येतो. काटकसर म्हणून लूप काढून टाकायला सांगणारा ग्राहक भेटेल. त्याला शांतपणे समजावा आणि लूप ठेवा.

सोलणं, कापणं, जॉइंट मारणं

जागा आधी तयार करा. स्थिर टेबल, त्यावर काळा कपडा किंवा मॅट, बसायला खुर्ची, डोळ्यांना चष्मा. काचेचे तुकडे टाकायला झाकणाची बाटली. टेबलावर खाणं-पिणं नाही, कारण काचेचा तुकडा दिसत नाही आणि बोटात किंवा पोटात गेला तर काढणं कठीण. पंखा बंद, कूलर तर नक्कीच बंद. त्याच्या दमट वाऱ्याने धूळही येते आणि मशीनच्या ठिणगीवरही परिणाम होतो. एप्रिल-मे मध्ये उघड्यावर जॉइंट मारायचा असेल तर सकाळी दहाच्या आत उरका. दुपारी हातातून घाम गळत असतो आणि तापलेलं मशीन मधेच बंद पडतं.

केबलचं बाहेरचं आवरण साधारण सव्वा मीटर काढा. पिवळे धागे कापायला त्यांचीच कात्री लागते, साध्या कात्रीने ते नुसते चुरगळतात. मधली काडी बोटभर ठेवून कापा आणि एलआययूच्या, म्हणजे केबल जिथे संपते त्या पेटीच्या, स्क्रूखाली घट्ट आवळा, म्हणजे कुणी केबल ओढली तर ताण काडीवर जाईल. तारा ज्या नळीत असतात तिच्यातली जेली पूर्ण पुसून काढा. अर्धवट पुसलेली जेली पुढे क्लीव्हरमध्ये, म्हणजे काच कापायच्या हत्यारात, जाते आणि मग दिवसभर सगळे काप वाईट येतात.

आता रंग मोजा. क्रम पाठच करा: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. बारापेक्षा जास्त कोर असतील तर नळ्यांनाही याच क्रमाने रंग असतात. एका नळीत सहा कोर आहेत की बारा, हे उघडून बघा, गृहीत धरू नका.

यानंतर जॉइंट. सुरुवातीला प्रत्येक पायरी मनात बोलत करा.

जॉइंट झाकणारी स्लीव्ह आधी एका बाजूच्या तारेत ओवा. ती नंतर ओवता येत नाही. मग स्ट्रिपरने तीन-चार सेंटिमीटर आवरण एका संथ ओढीत काढा. झटका दिला की काचेवर ओरखडा उमटतो आणि ती पुढे महिन्यांनी तिथेच तुटते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या पुसणीने काच पुसा. स्वच्छ झाली की पुसताना बारीक ‘चूं’ असा आवाज येतो, तो ऐकायला शिका. हाताला लावायचं सॅनिटायझर इथे चालत नाही, त्यात पाणी आणि इतर पदार्थ असतात.

मग क्लीव्हर. तो काच कापत नाही, तिच्यावर एक सूक्ष्म रेघ मारतो आणि काच त्या रेघेवर सरळ मोडते. सगळ्या कामातली निर्णायक घडी हीच. तोंड काटकोनात, सपाट आलं तर पुढचं मशीन करून देतं. तुटलेला तुकडा चिमट्याने उचलून बाटलीत. कापलेल्या टोकाला आता कशाचाही स्पर्श नको, पुन्हा पुसायचंही नाही. मशीनच्या व्ही आकाराच्या खाचेत ठेवताना टोक वरून खाली अलगद उतरवा, खाचेवरून घासत पुढे नेऊ नका.

झाकण लावलं की मशीन दोन्ही टोकं पडद्यावर मोठी करून दाखवतं. बटण दाबण्याआधी स्वतः बघा. कोपरा तुटलेला, टोक तिरकं, काठावर कण चिकटलेला, असं काही दिसलं तर परत कापा. कापाचा कोन एका अंशाच्या आत हवा. मशीन चालवून घेतंय म्हणून पुढे जाऊ नका. ठिणगीत दोन्ही काचा वितळून एक होतात आणि पडद्यावर ०.०२ असा काहीतरी आकडा येतो. हा आकडा मशीनने चित्र पाहून बांधलेला अंदाज आहे, मोजलेला लॉस, म्हणजे वाया गेलेला प्रकाश, नाही. माझा नियम असा: ०.०५ पर्यंत ठीक, ०.१ च्या वर असेल तर तोडून पुन्हा. पडद्यावर जॉइंटच्या जागी बुडबुडा किंवा जाड रेघ दिसली तर आकडा कितीही चांगला असो, पुन्हा.

स्लीव्ह जॉइंटवर मधोमध सरकवून हीटरमध्ये ठेवा. तयार झाली तरी लगेच ट्रेमध्ये दाबू नका, थंड होऊ द्या; गरम असताना वाकली तर वाकलेलीच राहते. ट्रेमध्ये तारा मोठ्या गोलाकारात फिरवा. झाकण लावताना एकही तार काठात अडकलेली नाही ना, हे बोट फिरवून बघा.

निळं आणि हिरवं

जॉइंट मारला तो पिगटेलला, म्हणजे एका बाजूला कारखान्यात बसवलेला कनेक्टर असलेल्या तारेला. स्विचच्या एसएफपीत, म्हणजे वर सांगितलेल्या मॉड्यूलमध्ये, लहान एलसी कनेक्टर लागतो, घरातल्या फायबर मोडेमला बहुधा मोठा, चौकोनी एससी. निळा म्हणजे यूपीसी, त्याचं तोंड किंचित घुमटाकार. हिरवा म्हणजे एपीसी, त्याचं तोंड आठ अंशांत तिरकं, म्हणजे परत फिरणारा प्रकाश गाभ्यातून बाहेर पडतो. हिरवा आणि निळा एकमेकांत बसतात, पण जोडू नका. मधे हवेची फट राहते, प्रकाश वाया जातो आणि दोन्ही तोंडं खरवडतात.

आता तोंड पुसायची शिस्त. कनेक्टर प्रत्येक वेळी लावण्याआधी पुसायचा, नव्या पाकिटातून काढलेला असला तरी. टोपण धूळ अडवतं पण टोपणातही धूळ असते. क्लिक करणारा पेनसारखा क्लीनर मिळतो, एक क्लिक पॅच कॉर्डला, एक क्लिक दोन कनेक्टर जोडणाऱ्या अडॅप्टरच्या आतल्या तोंडाला. हे दुसरं सगळे विसरतात. सदऱ्याच्या टोकाने पुसणं किंवा तोंडाने फुंकर मारणं पूर्ण बंद. फुंकरेतली वाफ आणि थुंकीचे कण वाळून चिकटतात. शक्य असेल तर तोंड पाहायचा छोटा सूक्ष्मदर्शक घ्या. आधी बघा, पुसा, परत बघा, मग लावा. पाहण्याआधी पलीकडचा प्रकाश बंद असल्याची खात्री करा. या केबलमधला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो. टोकात डोकावून ‘लाईट येते का’ बघणारा कुणी दिसला तर त्याला तिथल्या तिथे थांबवा, तो वयाने मोठा असला तरी.

मोजल्याशिवाय काम झालं म्हणू नका

आपल्या लिंकचा हिशेब आधी कागदावर करा. ३०० मीटर काचेचे १३१० नॅनोमीटरला ०.१ डीबी. दोन जॉइंटचे प्रत्येकी ०.१ धरून ०.२. दोन्ही एलआययूंतल्या कनेक्टर जोड्यांचे प्रत्येकी ०.५ धरून १. एकूण १.३ डीबी. गिगाबिटच्या साध्या एलएक्स मॉड्यूलला साधारण आठ डीबीपर्यंत चालतं. म्हणजे लिंक लागणारच. तरी मोजायचं, कारण लिंक लागली म्हणजे काम चांगलं झालं असं नाही. हिशेबात १.३ आणि मीटरवर ४ आलं तर लिंक आज चालेल, पण कुठेतरी कनेक्टर मळलेला आहे किंवा ट्रेमध्ये तार दबली आहे. ते आजच शोधा.

मोजण्यासाठी लाईट सोर्स आणि पॉवर मीटर. आधी दोन्ही एका चांगल्या पॅच कॉर्डने जोडून मीटर शून्यावर आणा. त्यानंतर ती कॉर्ड सोर्सकडून काढू नका, फक्त मीटरकडून सोडवा आणि तिथे लिंक घाला. सोर्सकडची कॉर्ड हलवली की शून्य बिघडलं, पुन्हा सुरुवात. १३१० आणि १५५० दोन्हींवर मोजा. १५५० चा लॉस खरं तर कमी यायला हवा. तो जास्त आला तर केबल कुठेतरी अति वळली आहे, कारण वळणावर लांब तरंगलांबीचा प्रकाश आधी निसटतो. दोष शोधायला ही खूण अतिशय उपयोगी आहे.

लाल प्रकाशाचा पेन, म्हणजे व्हीएफएल, तुटलेली जागा दाखवतो. नागपूरच्या उन्हात तो दिसत नाही. हाताची सावली करा किंवा काळ्या कपड्याखाली बघा. काळ्या जाड केबलमधून तो मुळीच दिसणार नाही, त्याचा उपयोग ट्रे, पिगटेल आणि घरातली तार यांच्यापुरता. लांबच्या केबलला ओटीडीआर हवा. तो काचेत प्रकाशाचे ठोके पाठवतो आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून किती मीटरवर काय आहे ते आलेखात दाखवतो. उतरती रेघ म्हणजे काच, छोटी पायरी म्हणजे जॉइंट किंवा वळण, टोकदार उंचवटा म्हणजे कनेक्टर. ओटीडीआर काचेची लांबी सांगतो, रस्त्याची नाही. तो २१० मीटर म्हणाला तर आधी मधले लूप वजा करा, मग खणायला सांगा.

सगळं बरोबर आणि तरी लिंक नाही? एका टोकाला दोन एलसींची अदलाबदल करा. इकडचा पाठवणारा तिकडच्या घेणाऱ्याला जोडलेला असावा लागतो.

घरचं कनेक्शन: तोच हिशेब, वेगळी अडचण

घरापर्यंत येणाऱ्या फायबरमध्ये एकाच तारेतून दोन्हीकडची वाहतूक होते. जीपॉन या घरोघरच्या फायबरच्या पद्धतीत खाली येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, वर जाणारा १३१० चा. मधे एका तारेतला प्रकाश अनेक घरांत वाटणारे, विजेशिवाय चालणारे स्प्लिटर असतात आणि सगळ्यात जास्त प्रकाश तेच खातात. एकास आठचा स्प्लिटर साधारण साडेदहा डीबी. असे दोन म्हणजे २१. केंद्रातून +३ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) निघाले, स्प्लिटरमध्ये २१ गेले, चार-पाच किलोमीटर काच आणि जोडण्या मिळून ३ गेले, तर घरी −२१ पोचतात. मोडेमला −२७ पर्यंत ऐकू येतं, पण −२५ च्या खाली गेलात तर पाऊस, ऊन, धूळ यांसाठी काही शिल्लक उरत नाही. −२१ चा −२६ झाला असेल तर ग्राहकाला ‘चालतंय ना’ म्हणून निघू नका.

मार्च-एप्रिलमध्ये या शहरात एक तक्रार हमखास येते. मानेवाड्याकडच्या एका घरी काकूंनी दारातच सांगितलं, “काल कूलर बसवला ना भाऊ, तवापासून तो लाल लाईट काही जाऊन नाही राहिला.” खिडकीशी गेलं की कारण समोर दिसतं. पातळ काळी ड्रॉप वायर खिडकीच्या कोपऱ्यातून आत आलेली आणि कूलरच्या लोखंडी घोडीचा पाय तिला चौकटीवर दाबून बसलेला. घोडी दोन बोटं सरकवली, तार मोकळी केली, मोडेमवरचा ‘लॉस’चा, म्हणजे सिग्नल नाही हे सांगणारा, लाल दिवा गेला. पण तेवढ्याने सोडू नका. मीटर लावा. काच दबून चिरली असेल तर आकडा आधीच्या नोंदीपेक्षा वाईट राहील आणि तेवढा भाग बदलावा लागेल. घरात वापरायची तार शक्यतो जी.६५७ए२ प्रतीची मागा, ती साडेसात मिलिमीटर त्रिज्येपर्यंतचं वळण सोसते, साध्या जी.६५२डी ला ३० मिलिमीटर लागतात. नवं कनेक्शन देताना खिडकी टाळून भिंतीला छिद्र पाडा, बाहेरच्या बाजूला उतार ठेवा, आणि छिद्राआधी तारेला खाली एक झोळ द्या म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून घरात न येता तिथूनच ठिबकेल.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अनेक वस्त्यांत, तळघरांत पाणी शिरलं. फायबर थोडा वेळ पाण्यात राहिला म्हणून लगेच बंद पडत नाही. स्विच, बॅटरी, मोडेम पडतात. नाग नदीच्या किंवा नाल्याच्या काठच्या वस्तीत रॅक तळघरात घेऊ नका, घ्यावाच लागला तर भिंतीवर उंच घ्या. जॉइंट क्लोजर, म्हणजे बाहेरचे जॉइंट झाकणारी पेटी, मात्र पाणी अडवणारंच हवं. त्यात साचून राहिलेलं पाणी काचेवरच्या सूक्ष्म चिरा हळूहळू वाढवतं, आणि वर्षभराने एकेक कोर जाऊ लागतो तेव्हा कारण कुणाला आठवत नाही.

लिहून ठेवा

दोन्ही एलआययूंवर लेबल: केबल कुठून कुठे, किती कोर, कोणता रंग कोणत्या पोर्टला. हाताने लिहिलेलं चालेल, पण उन्हात न उडणाऱ्या शाईने. डक्ट कुठून गेला त्याचा साधा नकाशा, भिंतीपासूनच्या अंतरांसह. प्रत्येक कोरचा दोन्ही तरंगलांबींवरचा लॉस, तारखेसह. एक प्रत ग्राहकाला, एक रॅकच्या दारात आतल्या बाजूने चिकटवून. वापरात नसलेले कोरही मोजून लिहा. गरज पडेल तेव्हा त्यातला एक आधीच तुटलेला निघू नये.

पहिली खरेदी

आधी स्ट्रिपर, चांगला क्लीव्हर, पॉवर मीटर, लाल पेन आणि क्लिक क्लीनर घ्या. क्लीव्हरवर कंजुषी करू नका. वाईट कापाला कोणतंही मशीन वाचवत नाही. स्प्लायसिंग मशीन सुरुवातीला भाड्याने आणा, किंवा प्रति कोर दराने काम करणाऱ्याला बोलवा आणि त्याच्या शेजारी बसून हात बघा. भाड्याचं मशीन घेताना त्याच्या मेनूत इलेक्ट्रोडने किती ठिणग्या मारल्या आहेत ते तपासा. मर्यादा ओलांडली असेल तर दुसरं मागा. नेल्या जागी, काम सुरू करण्याआधी, आर्क कॅलिब्रेशन, म्हणजे मशीनची ठिणगी तिथल्या हवेशी जुळवणं, चालवा, कारण सकाळची आणि दुपारची हवा या शहरात सारखी नसते. मग ग्राहकाच्या केबलला हात लावण्याआधी टाकाऊ तुकड्यांवर दोन-तीन जॉइंट मारून बघा.